उतरा, गाव आलं

सरांच्या बेसण्याला मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. बेसणं ही आम्हा बडोद्याच्या मराठी घरांनी गुजराती शेजाऱ्यांकडून उचललेली रीत. माणूस गेला की एका संध्याकाळी तासभर सगळ्यांनी पांढऱ्या कपड्यांत एकत्र बसायचं. कारेलीबागेतल्या त्यांच्या सोसायटीचा हॉल भरला होता. माईक हातात आला, मी "सर..." म्हणालो आणि पुढे काही येईना. सरांच्या मुलीनं, वंदनानं, हळूच माईक काढून घेतला. म्हणाली, "दादा, राहू दे. तू लिही."

मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. माझं सगळं आयुष्य न बोलण्याच्या जागेत गेलं. लिहायला बसून आता दोन महिने होतील. दिवसाला चार ओळी होतात, त्यातल्या दोन खोडतो. सरांना हा वेग आवडला असता.

सर आम्हाला नववीत भूगोल शिकवायचे. उंच, किडकिडीत, पायाला पॅंटच्या क्लिपा. त्या क्लिपा ते वर्गातही काढत नसत, कारण चार वाजता पुन्हा लावाव्या लागतात. सायकल काळी, आडव्या दांड्याची. दर शनिवारी तिला आंघोळ, आणि घंटी कायमची काढून टाकलेली. "घंटी देवापुढे वाजवायची असते, माणसाच्या पाठीमागे नाही," असं त्यांचं म्हणणं. मग रस्त्यात कुणी आडवं आलं की ते मागून मृदू आवाजात म्हणायचे, "येतो हां." समा रोडवर ट्रक, रिक्षा, बसेस जिवाच्या आकांतानं भोंगे वाजवत असताना सर त्या सगळ्यांतून "येतो हां, येतो हां" करत निघायचे. आणि चमत्कार असा, की लोक त्यांनाच वाट द्यायचे.

दुसरी गोष्ट त्यांच्या आजोबांची. आजोबा संस्थानच्या फौजेत घोडेस्वार होते. त्यांचा नियम असा, की वाटेत गाव लागलं की घोड्यावरून उतरायचं, लगाम हातात धरायचा आणि गाव संपेपर्यंत पायी चालायचं. हा फौजेचा नियम होता की आजोबांचा स्वतःचा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. घोडे गेले, फौज गेली. सरांनी तो नियम सायकलला लावला. रविवारी ते आम्हा पाच-सात मुलांना नद्या दाखवायला न्यायचे. कधी विश्वामित्रीच्या वरच्या अंगाला, कधी ढाढरला, बहुतेकदा सिंधरोटला महीवर. रस्त्याला पहिलं घर दिसलं की पुढून हाक यायची, "उतरा, गाव आलं!" आणि आम्ही सगळे उतरून सायकली ढकलू लागायचो.

ओट्यावर बसलेलं कुणीतरी विचारायचंच, "पंक्चर पड्युं, मास्तर?"

"ना भई," सर म्हणायचे, "गाम आव्युं एटले उतर्यो."

एकदा मी कंटाळून विचारलं, की सर, हे कशाला? ते म्हणाले, "उंचावरून माणसाचं अंगण दिसतं रे. माणूस दिसत नाही."

आता त्या प्रश्नाबद्दल लिहायला हवं. प्रश्न माझाच होता, म्हणून इतका वेळ टाळला.

नववीच्या पुस्तकात युरोपचा धडा होता. सेन, ल्वार, गारोन, ऱ्होन. सर फळ्यावर फ्रान्सचा नकाशा न बघता काढायचे आणि नद्यांसाठी खास निळा खडू खिशातून आणायचे. ल्वार काढताना त्यांचा हात संथ व्हायचा. दोन्ही काठांना द्राक्षांचे मळे, वाळूची बेटं, पांढऱ्या दगडाची गावं, एका गावाहून दुसऱ्या गावाला सायकलवरून चाललेले शेतकरी, असं ते सांगत राहायचे आणि तास कधी संपला ते कळायचं नाही. त्या दिवशी मी उभा राहिलो. मी कधी उभा राहत नसे. म्हणालो, "सर, ती खरंच निळी आहे का?"

वर्ग हसला. शेवटच्या बाकावरचा एक जण ओरडला, "अरे, नदीच आहे ना ती, मग काय लाल असणार?" मी खाली बसलो. सर मात्र हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला, फळ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "मी पाहिलेली नाही. पाहीन तेव्हा सांगेन."

दुसऱ्या दिवसापासून सरांनी ती नदी पांढऱ्या खडूनं काढायला सुरुवात केली. आमच्यानंतरच्या सगळ्या वर्गांना ल्वार पांढरीच मिळाली. कुणी विचारलं तर सर सांगायचे, "रंग अजून कळलेला नाही." ते निवृत्त होईपर्यंत तो कळला नाही, आणि ही गोष्ट मला त्यांच्याहून जास्त लागली होती. एका भल्या माणसाला भर वर्गात मी त्याचं न पाहिलेलं जग दाखवून दिलं होतं. पुढे आमची मैत्री झाली, दर रविवारची सायकल सुरू राहिली, पण तो विषय मी काढला नाही.

विषय त्यांनीच काढला, वयाच्या साठाव्या वर्षी. विद्यापीठातल्या संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गात त्यांनी नाव घातलं. विशीतल्या मुलामुलींत हे पुढच्या बाकावर, क्लिपांसकट. फ्रेंच त्यांना जेमतेम यायचं. टेबल बाई की पुरुष, खुर्ची बाई की पुरुष, यात ते कायम चुकायचे. एक वाक्य मात्र त्यांनी घोटून घोटून बिनचूक केलं होतं. त्याचा अर्थ मी विचारला तेव्हा म्हणाले, "सायकल ठीक आहे. गाव आलं म्हणून उतरलो."

तेव्हा मला कळलं, की हा माणूस जाणार आहे.

जायला आणखी अकरा वर्षं लागली. आधी काकूंचं आजारपण, मग काकू गेल्या, मग सरांच्या हृदयाचं काम निघालं. वंदना त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहायची. सरांनी सायकलनं फ्रान्समध्ये हिंडायचं नाव काढलं त्या दिवशी मी तिथे होतो. ती जिना उतरून आली ती पोळपाटावरचं पीठ हाताला तसंच ठेवून.

"बाबा, तुम्ही एकाहत्तर वर्षांचे आहात. छातीत दोन स्टेंट आहेत."

"त्यांचंही तिकीट काढ."

"हसण्यावारी नेऊ नका. तुम्हाला तिथे काही झालं तर?"

"आणि इथे मला काही झालं, आणि ती नदी पांढरीच राहिली तर?"

वंदनाला नदीचं काही ठाऊक नव्हतं. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे हे सगळं तुझ्यामुळे? मग तूच जा बरोबर. आणि रोज संध्याकाळी मला त्यांचा फोटो पाठवायचा. हसतानाचा." डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, पण सावकाश. सर म्हणाले, "डॉक्टर, याहून सावकाश म्हणजे उभं राहावं लागेल."

सरांचा बेत असा होता, की ल्वारला थेट जायचं नाही. तिला मिळणाऱ्या व्हिएन नावाच्या लहान नदीच्या खोऱ्यातून, काठाकाठानं, दीडशे किलोमीटर उतरत संगमापर्यंत जायचं आणि तिथे ल्वार पाहायची. "मोठ्या माणसाला भेटायला आधी धाकट्याकडून जावं," ते म्हणाले. वेळापत्रक मी केलं. ग्रंथालयात बसून, नकाशे पसरून, ताशी दहा किलोमीटर, दिवसाला पंचवीस, सहा दिवसांत संगम, सातव्या दिवशी दुपारी पॅरिसची गाडी. एकही मिनिट चुकलं नव्हतं. फक्त गावं मोजायची राहिली होती. सदतीस वर्षं सरांबरोबर पायी गावं ओलांडलेला मी हीच गोष्ट विसरलो.

पहिल्या दिवशी सकाळी दहाच्या आत तीन गावं लागली.

"उतरा, गाव आलं!"

त्या खोऱ्यातलं गाव म्हणजे पंचवीस-तीस घरं, पांढुरक्या दगडाची, खिडक्यांना निळसर फळ्या, मधे चर्च आणि एक पाण्याचा नळ. रस्त्यावर माणूस नाही. त्या शांततेत आम्ही दोघं भाड्याच्या सायकली ढकलत चाललेलो. मग एखादं दार उघडायचं. पहिल्याच गावात एक बाई पाण्यानं भरलेली परात घेऊन बाहेर आली, ट्यूब बुडवून पंक्चर शोधायला. सरांनी टोपी काढली आणि अकरा वर्षं घोटलेलं ते वाक्य म्हटलं. बाईंनी ऐकलं, परात खाली ठेवली आणि तरी दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून पाहिली.

"हिचा विश्वास बसला नाही," मी म्हणालो.

"सिंधरोटला तरी कुठे बसला होता?" सर म्हणाले. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

प्रत्येक गावात सर थांबत. नळाचं पाणी पीत, नदीकाठी जात आणि खिशातली लहान मुलांची रंगपेटी काढत. एका वहीत गावाचं नाव लिहून पुढे नदीच्या पाण्याचा रंग, नखाएवढा ठिपका. शेवाळी, राखाडी, चहासारखा, झाडाच्या सावलीत जवळजवळ काळा. "धाकटीचे इतके रंग, तर थोरलीचे किती असतील!" मी घड्याळ बघत उभा असायचो. तिसऱ्या दिवसाअखेर आम्ही वेळापत्रकाच्या अख्ख्या एका दिवसानं मागे होतो. चौथ्या दिवशी सरांचा उजवा गुडघा सुजला. गंमत अशी, की पायडल मारताना तो दुखत नव्हता. चालताना दुखत होता.

त्या दुपारी एका पुलाच्या कठड्यावर मी त्यांना हिशेब दाखवला. "सर, फक्त उरलेली गावं सायकलवरूनच ओलांडू. नाहीतर गाडीची वेळ होईल आणि संगम राहून जाईल. एवढ्या लांब येऊन ल्वार न बघता परत जायचं?"

ते कागदाकडे बघत राहिले. नदी हवी होती त्यांना. माझ्याहून कितीतरी जास्त. मग म्हणाले, "तुझा हिशेब बरोबर आहे. पण ही माणसं चाकं दाबून बघायला बाहेर येतात रे. त्यांच्या दारावरून तसाच निघून जाऊ? मग मी काय पाहिलं, असं सांगू वर्गाला?"

"सर, तो वर्ग आता पन्नाशीचा झाला."

"पण पुन्हा हजेरी घ्यायची आहे मला," ते म्हणाले आणि उठले. पुढचं गाव समोरच होतं. ते पायीच निघाले, लंगडत, माझ्या खांद्यावर एक हात. मी रागावलो होतो, हे लिहायला हवं.

त्याच गावात समोरून एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून आले. सरांच्याच वयाचे, मागे कॅरियरला भाजीची टोपली. आम्हाला पाहून थांबले आणि दांड्याचा पंप काढला. सरांनी वाक्य म्हटलं. या गृहस्थांनी मात्र चाकं दाबली नाहीत. त्यांनी सरांच्या गुडघ्याकडे पाहिलं, सायकलीकडे पाहिलं, थोडा विचार केला, पंप परत दांड्याला लावला आणि सायकल वळवून आमच्या बरोबर चालू लागले. तीन माणसं, तीन सायकली.

चर्चच्या वळणावर मागून सरसर आवाज आला. चकचकीत रंगीत कपड्यांतले सहा तरुण सायकलस्वार, बाणासारखे. आम्हाला पाहून पहिल्यानं ब्रेक दाबला, मग सगळ्यांनी. ते हळूहळू मागे येऊ लागले, मग एकेक जण खाली उतरला, आणि सहाही जणांनी हेल्मेटं काढून हातात घेतली. नऊ माणसं, नऊ सायकली, चर्चच्या भिंतीलगत, टाचांचा तेवढा आवाज. पहिल्या मुलानं पुढे येऊन म्हाताऱ्यांच्या कानाशी काहीतरी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं, आणि मुलानं गंभीरपणे मान हलवली. गावाची शेवटची पाटी गेली तेव्हा ते सहा जण आम्हाला वाकून नमस्कार करून सायकलींवर बसले आणि दिसेनासे झाले.

सर रस्त्याकडेच्या गवतात बसले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "काय विचारलं माहीत आहे? कोण गेलं, असं विचारलं. त्यांना अंत्ययात्रा वाटली! आणि हे महाशय म्हणाले, कुणी नाही, भारतात असंच करतात."

अख्ख्या देशाच्या नावावर खपलेली ही थाप मी तिथल्या तिथे खोडायला हवी होती. खोडली नाही. माझा राग कुठे गेला तेही कळलं नाही. बडोद्याच्या एका घोडेस्वाराचा नियम फ्रान्समधल्या एका गावात पाचेक मिनिटं का होईना लागू झाला होता.

सरांनी पिशवीतून लीलो चिवडो काढला. बडोद्याहून निघताना वंदनानं पाच पाकिटं कोंबली होती. म्हाताऱ्यांनी तो ओला, आंबटगोड चिवडा आधी संशयानं आणि मग मूठ भरभरून खाल्ला, कुठे निघालात विचारलं. सरांनी वहीतले ठिपके दाखवले आणि मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सगळं सांगितलं: वर्ग, निळा खडू, पांढरा खडू. म्हातारे ऐकत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या मुक्कामाच्या दारात त्यांची जुनी गाडी उभी होती. आमची सगळी ओझी त्यांनी गाडीत टाकली. बोटानं आधी सरांचा गुडघा दाखवला, मग नदीची दिशा, मग सायकली. सामान मी संगमावर नेतो, तुम्ही हलके या, एवढा त्याचा अर्थ होता.

ओझं गेलं तसा सरांचा वेगच बदलला. दोन गावांच्या मधे ते वाऱ्यावर सोडल्यासारखे जायचे, "येतो हां!" म्हणत गाईंना मागे टाकायचे, आणि गाव आलं की पुन्हा उतरून लंगडत चालायचे. एकही गाव सुटलं नाही. सहाव्या दिवशी, ऊन कलायला लागलं असताना, रस्ता एका उतारावरून खाली गेला आणि झाडं संपली.

डावीकडून आमची धाकटी येत होती. समोर ल्वार होती. रुंद, संथ, मधे वाळूची लांबच लांब बेटं, त्यांवर पांढरे पक्षी. सरांनी सायकल गवतात निजवली. टोपी काढली. बराच वेळ नुसते उभे राहिले, त्या दिवशी फळ्यासमोर उभे होते तसेच. मग पाण्याच्या कडेला बसून रंगपेटी उघडली. एक ठिपका काढला, मान हलवली. दुसरा काढला. तिसरा. शेवटी पेटीच्या झाकणात त्यांनी ल्वारचंच पाणी घेतलं, त्यात रंग कालवला आणि अख्खं पान रंगवून टाकलं.

"निळी नाही," ते म्हणाले. मग वळून एवढ्या मोठ्यानं ओरडले, की वाळूवरचे पक्षी उठले, "अरे, निळी नाही!"

त्या संध्याकाळी वंदनाला पाठवलेल्या फोटोत सर रडताहेत. खाली मी लिहिलं, हा हसतानाचाच आहे.

परत आल्यावर सोळा दिवसांनी, एका रविवारी, सोसायटीच्या हॉलमध्ये नववीचा वर्ग भरला. आमच्या शाळेत मराठी माध्यम आता राहिलेलं नाही, पण सरांनी कुठूनसा एक फळा पैदा केला होता. एकवीस जण आले, बाकीचे पुण्या-मुंबईहून, परदेशातून फोनवर. सरांनी हजेरी तोंडपाठ घेतली, क्रमांकांनी. त्या दिवशी शेवटच्या बाकावरून ओरडलेला क्रमांक एकतीस आता नंदेसरीच्या एका कारखान्यात फोरमन होता. पाळी संपवून तसाच गणवेशात आला होता.

"क्रमांक सतरा, उभा राहा," सर म्हणाले. "प्रश्न पुन्हा विचार."

एकावन्न वर्षांचा मी उभा राहिलो. माझा आवाज तेव्हासारखाच बारीक झाला. "सर, ती खरंच निळी आहे का?"

वर्ग हसला नाही.

"नाही," सर म्हणाले. त्यांनी वही वर धरून ते पान सगळ्यांना दाखवलं. "सकाळी चहात दूध जरा जास्त झालं तर होते, तशी. दुपारी वाळूची. संध्याकाळी या पानावर आहे तशी, आणि या रंगाला माझ्याकडे नाव नाही. पुढच्या वर्गांना मी निदान पांढरी तरी दिली. तुम्हालाच चुकीची शिकवली होती. वह्या काढा, दुरुस्त करा."

"सर, वह्या केव्हाच रद्दीत गेल्या!" एकतीस म्हणाला.

"मग डोक्यात दुरुस्त कर. ते तरी ठेवलंय ना, की तेही दिलंस?"

हॉल फुटेस्तोवर हसला, फोनमधली माणसंही. आणि मग काय झालं सांगता येत नाही, पण एकतीस उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला आणि सगळे उठले. चूक कबूल करून इतका विजयी झालेला माणूस मी पाहिलेला नाही. सर आमच्याकडे पाठ करून फळा पुसत होते. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर ते दोन वर्षं होते. रविवार एकही चुकला नाही. वही वंदनानं मला दिली आहे. तिच्यात फ्रान्सची गावं संपली की लगेच आपली सुरू होतात, सिंधरोटचेच ठिपके अकरा आहेत.

मागच्या रविवारी मी एकटाच निघालो, रंगपेटी खिशात घेऊन. पहिलं घर दिसलं. हाक कुणी दिली नाही, तरी पाय आपोआप जमिनीला लागले. ओट्यावरचे एक काका पान लावता लावता थांबले.

"पंक्चर पड्युं, साहेब?"

"ना, काका," मी म्हणालो. "गाम आव्युं एटले उतर्यो."

ते उठले, जवळ आले आणि चाक अंगठ्यानं दाबून बघू लागले. मी थांबलो. घाई नव्हती.